वाफेचं मशीन चालतंय, पण वाफ कुठे आहे?



गेल्या भागात आपण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोललो. आजचं यंत्र त्याहून लहान आहे, पण वेळ आली की त्याच्याइतकं महत्त्वाचं घरात दुसरं काही नसतं. डॉक्टर त्याला नेब्युलायझर म्हणतात, आपण घरात 'वाफेचं मशीन' म्हणतो. ज्या घरात दम्याचा किंवा सीओपीडीचा पेशंट आहे, किंवा थंडी पडली की छाती भरणारं लहान मूल आहे, त्या घरात कपाटाच्या खालच्या खणात हे मशीन असतंच. एकदा विकत आणलं की पाच-पाच, सात-सात वर्षं आपण त्याच्याकडे बघत नाही. बटण दाबलं, घरघर सुरू झाली, म्हणजे मशीन चांगलं आहे, असं आपण धरून चालतो.

मीही तसंच धरून चाललो होतो. ती चूक काय महागात पडली असती, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतली रात्र. सिकंदराबादला थंडी फार नसते, पण त्या आठवड्यात होती. आमच्या सौ.ना तीस वर्षांचा जुना दमा. रात्री अडीचच्या सुमाराला तिने मला उठवलं. मी सवयीप्रमाणे मशीन काढलं, औषधाची रेस्प्यूल कपात रिकामी केली, मास्क लावला, बटण दाबलं. आवाज नेहमीचाच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तिने मास्क बाजूला करून कप माझ्यासमोर धरला आणि तुटक तुटक म्हणाली, "अहो, औषध आहे तेवढंच आहे."

मी काय म्हणालो? "मशीन चालू आहे ना? घेत राहा."

पंचविसाव्या मिनिटाला तिला एक वाक्य सलग बोलता येईना. तेव्हा मी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तिथल्या मशीनवर तेच औषध दिलं, ऑक्सिजन दिला, आणखी दोन इंजेक्शनं झाली. पहाटेपर्यंत ती सावरली. ड्युटीवरची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने मला साधा प्रश्न विचारला, "सर, घरच्या मशीनचा कप किती जुना आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ईएमईमधला माणूस. ईएमई म्हणजे लष्कराची अशी शाखा, जी रणगाड्यापासून रेडिओसेटपर्यंत सगळं दुरुस्त करते. तीस वर्षांहून जास्त काळ मी जवानांना एकच गोष्ट शिकवत आलो होतो : इंजिनचा आवाज ऐकून गाडी फिट आहे असं लिहू नका, मोजून बघा. आणि स्वतःच्या घरात मी आवाजावर विश्वास ठेवला होता.

सकाळी घरी येऊन मशीन उघडलं. एक मोठा बिघाड सापडेल असं वाटलं होतं. तसा एकही नव्हता. फिल्टर काळपट राखाडी झालेला. नळीचं एक टोक कडक होऊन सैल बसलेलं. कपातलं बारीक छिद्र अर्धवट बुजलेलं. तीन छोटे दोष. प्रत्येकाने थोडी थोडी हवा खाल्ली आणि तिघांनी मिळून मशीनचा जीव काढून घेतला. जुनी यंत्रं अशीच कमजोर होतात, मंडळी. ती एका दिवसात बंद पडत नाहीत. रोज थोडी थोडी झिजतात, आणि आपल्याला रोजच्या सवयीत ते कळत नाही.

आधी माणूस, मग मशीन

आजच्या भागातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. समोरच्या माणसाला दम लागलेला असताना मशीन दुरुस्त करायला बसायचं नाही. दुरुस्ती रविवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर करायची.

पेशंटला एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, श्वास घेताना गळ्याखालचा आणि बरगड्यांमधला भाग आत ओढला जात असेल, माणूस गुंगीत जात असेल, किंवा औषध देऊनही आराम पडत नसेल, तर मशीन बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा. बहुतेक राज्यांत १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ हा आपत्कालीन क्रमांक देशभर आहे.

दुसरी गोष्ट. मशीन हा एकच मार्ग नाही. साधा पंप, म्हणजे इनहेलर, स्पेसरला लावून नीट घेतला तर दम्याच्या बऱ्याच झटक्यांत तो नेब्युलायझरइतकंच काम करतो. त्याला वीज लागत नाही, तो प्रवासात खिशात राहतो. 'मशीन नाही चाललं तर पंपाचे किती पफ, किती वेळाने, आणि केव्हा निघायचं' हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. तो कागद मशीनच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. आमच्या घरी तो आता आहे. त्या रात्री नव्हता.

यंत्र काम कसं करतं

दुरुस्तीआधी रचना समजून घेऊ. 'वाफेचं मशीन' हे नावच मुळात चुकीचं आहे. पातेल्यात पाणी उकळून आपण घेतो ती वाफ. नेब्युलायझरमध्ये काहीही तापत नाही. तिथे तयार होतं ते धुकं, म्हणजे औषधाचे अतिशय बारीक थेंब.

डब्यात एक छोटा कॉम्प्रेसर असतो. सायकलच्या पंपासारखाच, फक्त मोटरवर चालणारा. तो फिल्टरमधून खोलीतली हवा आत ओढतो, दाबतो आणि नळीतून कपाकडे पाठवतो. कपाच्या तळाशी एक अगदी बारीक छिद्र असतं. दाबलेली हवा त्यातून जोरात निघते. हवा जिथे वेगाने धावते तिथे दाब कमी होतो, त्यामुळे बाजूचं औषध आपोआप वर ओढलं जातं आणि हवेच्या झोताने फुटतं. फुटलेले थेंब समोरच्या छोट्या अडसरावर आपटतात. मोठे थेंब परत तळाशी पडतात, बारीक थेंब धुकं होऊन मास्ककडे जातात.

फुप्फुसात खोलवर पोचायला थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. त्याहून मोठे थेंब तोंडात आणि घशातच चिकटतात. म्हणून हवेचा झोत कमी झाला की दुहेरी नुकसान होतं. धुकं कमी येतं, आणि जे येतं त्यातले थेंब मोठे असतात. औषध संपायला वेळ लागतो, आणि संपलं तरी जिथे जायला हवं तिथे पुरेसं जात नाही. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती फसवते.

पहिली चाचणी : घड्याळ लावा

केमिस्टकडून नॉर्मल सलाइनची छोटी बाटली आणि सुई नसलेली सिरिंज आणा. बाटली पिण्याच्या पाण्याची नाही, सलाइनचीच हवी. कपात ३ मिली सलाइन घाला, कप सरळ उभा धरा, मशीन चालू करा आणि घड्याळ बघा. धुकं तुटक येऊ लागलं, फुर्र फुर्र असा आवाज येऊ लागला, की वेळ लिहून ठेवा. ही चाचणी करताना मास्क कोणी लावायचा नाही.

चांगल्या स्थितीतलं मशीन एवढं सलाइन साधारण दहा मिनिटांच्या आसपास संपवतं. मॉडेलप्रमाणे थोडं मागेपुढे होईल. त्या सकाळी माझ्या मशीनला एकवीस मिनिटं लागली. नवा कप, नवी नळी आणि नवा फिल्टर बसवल्यावर त्याच मशीनला नऊ मिनिटं लागली. मोटर तीच, आवाजही तोच.

कपात थोडं औषध शेवटी राहतंच, ते घाबरण्यासारखं नाही. कपाला बोटाने टिचकी मारली की कडेचे थेंब खाली येतात आणि त्यातलं आणखी थोडं निघतं.

दुसरी चाचणी : अर्ध्यावर तोडा

दोष शोधण्याची एक जुनी रीत आम्हाला शिकवली होती. साखळी लांब असेल तर एका टोकापासून सुरुवात करू नका, मधोमध तोडून बघा. म्हणजे एका फटक्यात अर्धी साखळी निर्दोष ठरते.

इथे मधोमध म्हणजे मशीनच्या डब्यावर जिथे नळी बसते ती जागा. नळी काढा, मशीन चालू करा, हवेच्या तोंडासमोर तळहात धरा. झोत जोरकस आणि सलग असेल तर डबा ठीक आहे, दोष नळीत किंवा कपात आहे. झोत दुबळा असेल तर दोष डब्याच्या बाजूचा आहे : फिल्टर, वीज किंवा कॉम्प्रेसर. जोर किती असायला हवा याचा अंदाज नसेल, तर शेजारच्या किंवा नातेवाइकांच्या चांगल्या मशीनशी ताडून बघा.

डबा चांगला, धुकं कमी : कप आणि नळी

जुन्या मशीनची बहुतेक दुखणी इथेच निघतात, आणि ती काहीशे रुपयांच्या नव्या किटमध्ये मिटतात.

कप उघडा. आत एक सुटा, छोटा प्लास्टिकचा तुकडा असतो, शंकूसारखा किंवा टोपीसारखा. झोत ज्यावर आपटतो तो अडसर बऱ्याच कपांत ह्याच तुकड्यावर असतो. धुताना तो सिंकमध्ये वाहून जातो, आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. तो नसेल तर मशीन नवं कोरं असलं तरी धुकं येणार नाही. 'मशीन अचानक बंद पडलं' अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : आतला तुकडा आहे का?

मग छिद्र बघा. औषध आणि सलाइन वाळून त्यात क्षार जमतो. इथे एक मोह होतो : टाचणी घालून छिद्र मोकळं करण्याचा. कृपा करून करू नका. ते छिद्र मोजून पाडलेलं असतं. टाचणीने ते रुंद किंवा वाकडं झालं की थेंबांचा आकार बिघडतो, धुकं दाट दिसलं तरी औषध घशातच राहतं. कोमट पाण्यात भिजवून, नळाखाली धुऊन क्षार निघाला तर ठीक, नाहीतर कप बदला.

रोजची निगा सोपी आहे. प्रत्येक वापरानंतर कप, मास्क आणि आतला तुकडा कोमट साबणपाण्याने धुवायचा, खळखळून घ्यायचा, झटकायचा आणि स्वच्छ कापडावर हवेत पूर्ण वाळू द्यायचा. ओला कप डब्यात बंद करून ठेवला की त्यात जंतू वाढतात, आणि तेच धुकं पेशंटच्या छातीत जातं. उकळून निर्जंतुक करायचं का, हे कपावर अवलंबून आहे. काही कप उकळत्या पाण्यात टिकतात, काही वाकतात. पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पातळ प्लास्टिकचे 'डिस्पोजेबल' कप थोड्या दिवसांसाठीच असतात, महिनोन्महिने वापरायला नाही. टिकाऊ कपही कंपनीने दिलेल्या मुदतीत बदलायचा असतो. आमचा तीन वर्षं चालला होता, आणि तो डिस्पोजेबल होता.

आता नळी. दोन्ही टोकं घट्ट बसतात का बघा. टोक कडक झालं की हवा बाजूने निसटते. कानाजवळ धरलं तर सूऽऽ असा आवाज येतो. टोकाकडचा थोडा भाग स्वच्छ कापून टाकला की नळी पुन्हा घट्ट बसते, पण हा तात्पुरता उपाय आहे. नळी पिळली किंवा खुर्चीच्या पायाखाली दबली तरी झोत निम्म्यावर येतो. नळीत पाण्याचे थेंब दिसत असतील तर कप काढा आणि नुसती नळी लावून मशीन काही मिनिटं चालवा, ती आतून सुकेल. नळी पाण्याने धुवायची नाही. आत काळं किंवा हिरवट काही दिसलं तर विचार न करता फेकून द्या.

डबाच कमजोर : फिल्टर, वीज, कॉम्प्रेसर

फिल्टर शेंगदाण्याएवढा असतो आणि मशीनच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली बसलेला असतो. पांढरा असेल तर ठीक. राखाडी, तपकिरी झाला असेल किंवा ओला असेल तर बदला. बहुतेक फिल्टर धुण्यासाठी नसतात. ओल्या फिल्टरमधून हवा आणखी कमी जाते. आणि फिल्टर काढून तसंच मशीन चालवू नका. धूळ थेट कॉम्प्रेसरमध्ये आणि तिथून औषधात जाते. ज्यांच्या घराजवळ बांधकाम चालू आहे, किंवा जे दिल्लीसारख्या धुरकट हवेत राहतात, त्यांनी तो पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच बघत जावा.

विजेचा मुद्दा आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, येताना आई-वडिलांसाठी 'तिकडचं चांगलं' मशीन घेऊन येते. तिथली वीज सुमारे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. आपण ट्रान्सफॉर्मर लावतो, व्होल्टेज बरोबर होतं आणि वाटतं काम झालं. पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. अशा मशीनमधली साधी मोटर हर्ट्झच्या प्रमाणात फिरते, म्हणजे ६० च्या जागी ५० मिळाले की वेग साधारण सहाव्या हिश्शाने कमी. हवा कमी, शिवाय मोटर जास्त तापते. मशीनखालच्या पट्टीवर '५०/६०' असं दोन्ही लिहिलेलं असेल तरच ते इथे वापरा.

जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अशी मोटर गुरगुरते आणि तापते, हे मागच्या भागात बोललोच. ज्या गावात रात्री व्होल्टेज पडतं तिथे तेच मशीन दिवसा चांगलं आणि रात्री दुबळं वाटतं. दोष मशीनचा नसतो. डोंगरावर विरळ हवेतही झोत कमी होतो. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. दम्याच्या पेशंटला घेऊन लडाखच्या सहलीला निघालेल्या मंडळींनी हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं.

फिल्टर नवा, वीज ठीक, आणि तरी झोत दुबळा, तर कॉम्प्रेसरचा पिस्टन किंवा त्याची सील झिजली आहे. अशा मशीनचा आवाज कधी बदलतो, कधी बदलत नाही. काही मशीनं सलग चालवण्यासाठी नसतातच. वीस-तीस मिनिटं चालल्यावर त्यांना विश्रांती लागते. एकाच घरात दोन पेशंट असतील आणि मशीन पाठोपाठ चालत असेल, तर ते तापून आपोआप बंद पडतं. आपण ते बिघडलं म्हणतो. ते स्वतःला वाचवत असतं.

कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त करायचा का? मी रणगाड्यांची कामं करून घेतलेला माणूस आहे, तरी सांगतो, हा उघडू नका. आत तेल, ग्रीस किंवा भलतीच सील गेली की तीच हवा फुप्फुसात जाते. वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या, नसेल तर नवं घ्या. जुनं मशीन 'असू दे, कामाला येईल' म्हणून माळ्यावर ठेवू नका. ज्या रात्री नवं सापडत नाही, त्याच रात्री घरातलं कोणीतरी ते जुनं काढून लावतं.

बिनआवाजाची छोटी मशीनं

आता मुठीत मावणारी मेश नेब्युलायझर आली आहेत. त्यांत कॉम्प्रेसर नसतो. हजारो सूक्ष्म छिद्रं असलेली एक पातळ जाळी वेगाने थरथरते आणि औषध तिच्यातून धुकं होऊन निघतं. इथे धुकं कमी झालं तर दोनच संशयित : बॅटरी आणि जाळी.

साधे सेल असतील तर नवे, एकाच कंपनीचे, सगळे एकदम बदला. महिनोन्महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि पट्ट्यांवर पांढरी भुकटी धरते. चार्जिंगची बॅटरी असेल तर तिचं वय होतं. दोन-तीन वर्षांनी ती पूर्ण चार्ज दाखवते आणि निम्म्यावर दम टाकते.

जाळी बोटाने, कापसाने किंवा ब्रशने कधीही पुसायची नाही. वापरानंतर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे स्वच्छ पाणी घालून एक फेरी चालवायची आणि वाळवायची. शिवाय बुडेसोनाइडसारखी औषधं दुधट असतात, त्यांत औषधाचे कण तरंगत असतात. असं औषध आपल्या मशीनला चालतं का, हे विचारल्याशिवाय घालू नका. अल्ट्रासॉनिक प्रकारच्या नेब्युलायझरमध्ये बुडेसोनाइड चालत नाही.

दोष मशीनचा नसतो तेव्हा

पेशंट आडवा झाला की कप कलतो. बऱ्याच कपांत औषध एका बाजूला जातं आणि छिद्राला नुसती हवा मिळते. पाठीला उशी देऊन बसवा, धुकं लगेच वाढेल. मास्क सैल असेल तर औषध डोळ्यांत आणि हवेत जातं. समज असलेल्या मोठ्या माणसाला तोंडात धरायची नळी, म्हणजे माउथपीस, जास्त चांगली.

कपावर कमाल आणि किमान अशा खुणा असतात. १ मिली औषध घातलं तर त्यातलं बरंचसं कपाच्या तळाशीच राहतं. डॉक्टरांनी सलाइन मिसळायला सांगितलं असेल तर ते ह्यासाठीच. साधं पाणी मिसळायचं नाही. त्याने श्वासनळ्या आणखी आकसू शकतात. निलगिरीचं तेल, बाम, कापूर असलं काही कपात घालायचं नाही. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा आजार होतो.

आणि धुकं भरपूर येतंय, तरी आराम पडत नाही, असं झालं तर? रेस्प्यूलची तारीख बघा. फॉइलचं पाकीट उघडून किती दिवस उजेडात पडलं होतं ते बघा. तेही ठीक असेल तर दुखणं वाढलं आहे. आठवड्यातून एकदा लागणारं मशीन रोज लागू लागलं, तर दुरुस्ती मशीनची नाही, उपचारांची हवी.

भाच्याचा प्रश्न

परदेशात राहणाऱ्या माझ्या एका भाच्याने हे सगळं ऐकून विचारलं, "मामा, माझं जुनं व्हेप पण हल्ली कमी धूर देतं. त्यालाही हेच लागू का?" मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या यंत्रात तार तापते आणि तेलकट द्रव उकळतो. कॉइल जळाली, वात करपली किंवा बॅटरी थकली की धूर कमी होतो. माझ्या यंत्रात काही तापत नाही. एक फुप्फुसाला औषध देतं, दुसरं निकोटिन. तुझ्या यंत्राचा दम कमी झाला असेल तर ती चांगली बातमी समज.

भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. तरीही 'व्हेपमध्ये औषध घालून घेता येतं का' असं विचारणारी मुलं भेटतात. नाही. उष्णतेने औषधाचं काय होईल, त्याचा भरवसा नाही. ते यंत्र त्यासाठी बनलेलं नाही.

एका पानाचं लॉगबुक

लष्करात प्रत्येक गाडीचं लॉगबुक असतं. गाडी कितीही जुनी असो, त्या वहीवरून तिची तब्येत कळते. आता आमच्या मशीनच्या खोक्यातही एक वही आहे. कप कधी बदलला, फिल्टर कधी, नळी कधी, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ३ मिली सलाइन किती मिनिटांत संपलं. एवढंच. नऊ मिनिटांची अकरा झाली की मी किट तपासतो. बारा झाली की विचार न करता बदलतो. एक जास्तीचं किट, एक जास्तीचा फिल्टर, पंप, स्पेसर आणि डॉक्टरांचा कागद, हे सगळं एकाच खोक्यात. आणि ते खोकं घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी.

वहीत नोंद आता सौ. करतात. पहिल्या पानावर तिने तिच्या अक्षरात लिहिलं आहे : 'पेशंटने सांगितलं की औषध संपत नाही, तर ऐकावं.' मी त्याखाली सही केली आहे.

मंडळी, आज हा भाग संपला की उठा, ते खोकं काढा, कप उघडा आणि आतला तुकडा जागेवर आहे का तेवढं बघा. बाकीचं रविवारी.

पुढच्या भागात घरातल्या गॅसच्या रबरी नळीबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.